पेवातला दिवा

फार पूर्वी एका गावात राजाचा एक कोठारी राहायचा. गावाबाहेर जमिनीत खणलेलं, विहिरीएवढं खोल पेव होतं, ज्वारीनं भरलेलं. त्याचं तोंड लिंपून ठेवायचं आणि दुष्काळातच उघडायचं, एवढंच कोठाऱ्याचं काम. माणूस इतका सरळ, की धोतराला चिकटलेला दाणासुद्धा तिथंच झटकून यायचा.

गावाला हे काही पचेना.

"नातवाच्या बारशाला नुसत्या घुगऱ्या? आधीच्या कोठाऱ्यानं गावजेवण घातलं होतं हो!"

मेहुणा तर तोंडावर म्हणायचा, "दाजी, ज्वारीवर बसून उपाशी राहणारा उंदीर मी पहिल्यांदाच बघतोय."

पंगतीत कोठाऱ्याला कडेला बसवायचे. हळदीकुंकवाला त्याच्या बायकोला कुणीतरी विचारायचंच, "कोठारीणबाई, परत हीच साडी?"  ती घरी येऊन भांडी आपटायची.

मग लेकीचं लग्न ठरलं. व्याही म्हणाले, "राजाचा माणूस तुम्ही! गावजेवण तर होणारच."

कोठाऱ्यानं पेव उघडलं. पुढच्या सुगीला परत भरू, असं स्वतःला बजावलं. गाव बोटं चाटत जेवलं. ज्वारी कुठली, हे एकानंही विचारलं नाही.

"आत्ता शोभता, दाजी!" मेहुणा म्हणाला. कोठारी पहिल्या पंगतीत बसला होता. त्याला ते फार गोड लागलं.

मग जत्रा आली, पाटलाच्या घरचं कार्य आलं, मेहुण्याची घरभरणी आली. मागायला सगळे यायचे. परत आणून द्यायला कुणी आलं नाही, आणि कोठाऱ्यालाही मागायची लाज वाटायची. मोठा माणूस झाला होता ना!

पुढं लागोपाठ दोन वर्षं पाऊस पडला नाही. राजाचा हुकूम आला, पेव उघडा. सारं गाव टोपल्या घेऊन जमलं.

आधी दोरीनं दिवा खाली सोडायची रीत होती. भरल्या पेवात हवा कोंडलेली असते, दिवा विझतो. तो विझला की लोक हरखायचे, धान्य आहे म्हणून.

दिवा खाली गेला. जळतच राहिला.

"विझ रे बाबा," कोठारी मनात म्हणत होता.

दिवा पार तळाला टेकला. उजेडात उघडी माती दिसली.

"चोर!" सगळ्यात आधी मेहुणा ओरडला.

"अरे, तुम्हीच तर जेवलात," कोठारी म्हणाला.

"आम्हाला काय ठाऊक, कुठलं होतं ते!"

शिपाई त्याला घेऊन गेले. त्या उन्हाळ्यात गावातली म्हातारी माणसं गेली, लहान पोरं गेली. घुगऱ्यांवर बारसं झालेला तो नातूही गेला.

पुढच्या साली पाऊस पडला. राजानं पेव भरलं, नवा कोठारी नेमला. पाण्याला निघालेल्या कोठारीणबाईच्या कानावर चावडीवरचं बोलणं आलं. मेहुणा, तिचाच भाऊ, नव्या माणसाच्या पाठीवर थाप मारत होता.

"काय कोठारी, गावजेवण कधी?"

तात्पर्य: चोराकडे बोट दाखवण्याआधी, त्याच्या पंगतीत आपणही जेवून उठलो होतो का, ते आठवून बघावं.