काडी न विणणारे

एका तळ्याच्या काठी एक वाकडी बाभळ होती, आणि पाण्यावर झुकलेल्या तिच्या फांद्यांवर सुगरण पक्ष्यांची मोठी वस्ती होती. मुलांनो, ही गोष्ट मी गोड आवाजात सांगणार नाही. मला तिचा राग येतो. ऐकून झाल्यावर तुम्हालाही आला, तर बरंच होईल.

सुगरण म्हटलं की तुम्हाला वाटेल, मादीच घरटं विणत असणार. छे! विणतो तो नर. मादी तपासते. ती येते, घरट्यात डोकं घालते, चोचीने दोन-चार पाती ओढून बघते आणि वीण सैल वाटली तर काही न बोलता उडून जाते. मग नर बिचारा नवं घरटं विणायला घेतो. शेजारच्या फांदीवरचा कशी गाठ मारतो ते प्रत्येकाला दिसे, त्यामुळे एकाला सुचलेली युक्ती लवकरच सगळ्या झाडाची होई. बाभळीवरची घरटी साऱ्या रानात नावाजलेली होती. जुन्या घरट्यांत मनोल्या ही इवलीशी पाखरं संसार थाटत, खाली सांडलेल्या दाण्यांवर पारवे जगत, पाण्यात पडणाऱ्या किड्यांवर मासे पोसत. एका झाडामुळे अख्खा काठ नांदता होता.

त्याच बाभळीच्या शेंड्यावर एक कोतवाल राहत असे. कोतवाल म्हणजे तो काळाकुळकुळीत, शेपटीला दोन टोकं असलेला पक्षी. अंगाने एवढासा, पण कावळा दिसला की त्याच्या मानेवरच झडप घालणारा. आणि बाभळीखाली, काठालगतच्या पाण्यात, एक रानम्हैस दिवसभर लोळत असे. लोळून लोळून तिने तिथली माती अशी मळली होती की ती चिकट चिखल होऊन बसली होती. घरटं अर्धं झालं की नर तो चिखल चोचीने आणून आतून थापत. त्याच्या वजनामुळे घरटं वाऱ्यात फार हेलकावत नसे.

इकडे रानाच्या राजाला, म्हणजे सिंहाला, एक चिंता लागली होती. तळ्याचा काठ भरलेला, आणि रानाचा पूर्वेकडचा भाग मात्र ओसाड. त्याने आपल्या कारभाऱ्याला, कोल्ह्याला, बोलावून सांगितलं, "त्या बाभळीवर असं काय आहे, ते नीट बघून ये. तसंच पूर्वेलाही उभं करू."

चांगला हुकूम होता हो! नीट बघून ये, एवढंच म्हणाला होता राजा. पण कोल्हा आला, सावलीत बसला, मान वर करून थोडा वेळ घरटी बघितली आणि जांभई देऊन म्हणाला, "हात्तिच्या! एवढंच होय? लिहून घ्या. समूह म्हणजे एकाच जागी एकच काम करणारे पुष्कळजण. झाली व्याख्या."

मग त्याने सगळ्यांना जमवलं. "आजपासून ही बाभळ राजमान्य विणकर-समूह," तो म्हणाला. "पलीकडचं गवताचं कुरण महाराजांनी तुमच्यासाठी राखून ठेवलं आहे. एका पात्याला दुसरं कोणी तोंड लावणार नाही. अट एकच. समूहात फक्त विणणारेच राहतील." आणि त्याने शेंड्याकडे बघून हाक मारली, "काय रे कोतवाला, तू काय विणतोस?"

"काही नाही," कोतवाल म्हणाला.

"मग इथे करतोस काय?"

"राहतो."

कोल्हा खो खो हसला. "आणि तू गं म्हशी?"

"मी लोळते," म्हैस म्हणाली. ती खरंच लोळत होती.

"ऐकलंत ना?" कोल्हा म्हणाला. "एक नुसता राहतो, एक नुसती लोळते. असल्यांना कुरण कशाला द्यायचं? चला, निघा दोघं!"

आता या वस्तीचा म्होरक्या असलेला नर गप्प बसला असता, तरी मी त्याला माफ केलं असतं. पण कुरणाचं नाव ऐकून त्याच्या डोक्यात हवा गेली होती. राजाने आपल्याला विणकर म्हटलं! तो छाती फुगवून पुढे आला. "बरोबर आहे, कारभारी," तो म्हणाला. "घाम आम्ही गाळायचा, आणि हे फुकटात आमच्या झाडावर आणि आमच्या सावलीत राहणार!"

त्याची मादी शेजारच्या काटकीवर बसली होती. कालच तिने त्याचं अर्धं विणलेलं घरटं पसंत केलं होतं. तिची अंडी घालायची वेळ जवळ आली होती. तिला काही राहवलं नाही. "अहो, असं काय बोलता?" ती म्हणाली. "आपल्या घरट्यात अजून चिखल थापायचा आहे. म्हैस गेल्यावर तो आणणार कुठून? आणि कावळा आला तर?"

"काठावर माती काय कमी आहे?" म्होरक्या म्हणाला. "आणि कावळ्याला आपण सगळे मिळून पुरे पडू. तू मधे बोलू नकोस."

कोल्ह्याने तिच्याकडे खालपासून वरपर्यंत बघितलं. "बाई, आपण काय विणता?"

"मी तपासते," ती म्हणाली.

"म्हणजे विणत नाही. व्याख्येत आपणही बसत नाही. पण असू दे, पाहुणी म्हणून राहा."

ऐकलंत? स्वतःच्या घरात पाहुणी! तिच्याकडे बघून म्होरक्याने एक शब्द तरी काढावा की नाही? नाही काढला. मान वळवून तो कुरणाकडे बघत बसला.

कोतवाल निघाला तेव्हा म्होरक्याच्या अगदी समोर येऊन बसला. त्याचे लाल डोळे पेटले होते. "या कोल्ह्याला मी एका झडपेत पळवला असता," तो म्हणाला. "पण जा म्हणालास ते तू. शेजारी असून म्हणालास. आता थांबून काय करू?" मग म्हैसही हलली. उठली, अंगावरचा चिखल तसाच घेऊन तळ्याच्या पलीकडच्या टोकाला गेली. तिथे एक शिंदीचं झाड होतं. त्याच झाडावर कोतवालानेही आपलं बस्तान हलवलं.

इकडे बाभळीवर नुसता उत्सव. कोल्ह्याने आणखी दोन झाडांवरचे विणकर आणून तिथे कोंबले. फांदी न् फांदी घरट्यांनी लगडली. कोल्हा रोज येऊन मान वर करून बघे आणि खूश होऊन जाई. "वाढ बघा, वाढ!" म्हणे. आणि खाली? म्हैस गेल्यावर पाण्यातला चिखल तळाशी बसला आणि काठावर उरला तो कोरडा मुरूम. म्होरक्याने तोच चोचीत आणून घरट्यात थापला. वाळला की झडून पडे. पुन्हा थापला, पुन्हा पडला.

मादीने घरट्याला चोचीने धक्का दिला. ते गरकन फिरलं. "हे मला पसंत नाही," ती म्हणाली.

"तू पाहुणी आहेस," म्होरक्या म्हणाला. "पसंती-नापसंती आता कारभारी बघतात."

तिला तडक उडून जायचं होतं. पण मुलांनो, अंडी काही भांडण मिटायची वाट बघत नाहीत. दुसरीकडे जायला वेळच नव्हता. तिने त्याच हलक्या घरट्यात अंडी घातली आणि त्यांच्यावर अंग पसरून बसली.

पहिला आला कावळा. आधी लांबून बघितलं, मग जवळ येऊन बघितलं. मानेवर झडप घालणारं कोणी नाही म्हटल्यावर त्याने शेवटच्या फांदीवरचं एक घरटं पायाने धरून टराटरा फाडलं आणि आतली पिल्लं खाल्ली. सगळ्या विणकरांनी मिळून कलकलाट केला. केवढा तो कलकलाट! कावळ्याने खाऊन होईपर्यंत ऐकला.

मग एका दुपारी तळ्यावरून आडवा वारा सुटला. जड घरटी अशा वाऱ्यात झुलतात, हलकी उलटतात. मादी आपल्या अंड्यांवर पाय रोवून बसली होती. घरटं एकदा फिरलं, दोनदा फिरलं आणि तिसऱ्या वेळी पार वर फेकलं गेलं. ती दाराबाहेर पडली आणि तिच्या मागोमाग तिची पांढरी अंडी, एकेक करून पाण्यात पडली. टुप. टुप. टुप. तिने पाण्याला चोच लावून पाहिली. सुगरणीला पोहता येत नाही.

ती फांदीवर परतली नाही. सरळ तळं ओलांडून पलीकडच्या शिंदीकडे गेली. तिला जाताना बघून एकेक मादी तिच्यामागे निघाली. नर एकमेकांची तोंडं बघत राहिले. घरटी ढीगभर, पण ज्यांच्यासाठी विणायची त्याच निघून गेल्या. कोणी नको म्हणणारं उरलं नाही, तसं कोणी हवं म्हणणारंही उरलं नाही. शेवटी तेही निघाले. मग मनोल्या गेल्या, पारवे गेले. बाभळीखालचं पाणी शांत झालं.

म्होरक्या शिंदीशी पोचला तेव्हा म्हैस नव्या डबक्यात लोळत होती. तो मान खाली घालून तिच्यासमोर उभा राहिला. "थोडा चिखल घेऊ का?" त्याने विचारलं.

"घे की," म्हैस म्हणाली. "तुला मी कधी नाही म्हटलं होतं? मी आपली अंग थंड करायला लोळते."

त्याने वर कोतवालाकडे बघितलं. "आमची राखण करशील का?"

"तुमची राखण मी तेव्हाही करत नव्हतो," कोतवाल फटकन म्हणाला. "मी माझं घरटं राखत होतो. शेजारी राहत होतात म्हणून तुमचंही राखलं जात होतं. एवढं साधं कळलं नाही तुला?"

म्होरक्याने चोच चिखलात बुडवली. मादी जवळच बसली होती. तिने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

त्याच दिवशी कोल्हा राजाला घेऊन बाभळीखाली आला. "बघा महाराज, आदर्श समूह!" म्हणून त्याने पंजा वर केला. वर नुसती रिकामी घरटी हलत होती. सिंहाने विचारलं, "पक्षी कुठे आहेत?" कोल्हा चाचरला. "महाराज, नियमाप्रमाणे सगळं बरोबर आहे. न विणणारा इथे एकही नाही."

"विणणारा तरी आहे का?" सिंह गरजला. तेवढ्यात पलीकडून किलबिल ऐकू आली, आणि दोघं शिंदीपाशी आले.

तिथे पोचल्यावर कोल्ह्याने झटकन रंग बदलला. "आलं लक्षात, महाराज! व्याख्येत थोडी भर घालतो. एक म्हैस, एक कोतवाल. पूर्वेला तसंच करू. पकडून आणतो दोघं."

तेव्हा ती मादी उडून थेट त्याच्या नाकासमोरच्या काटकीवर आली. इवलासा जीव, पण आवाज असा की राजानेही कान टवकारले. "तुझी व्याख्या मी शेवटपर्यंत ऐकून घेतली," ती म्हणाली. "आता मला एक सांग. तळ्यात पडलेली माझी अंडी तुझ्या व्याख्येत कुठे बसतात?"

कोल्ह्याने राजाकडे बघितलं, पण राजा त्याच्याकडे बघत नव्हता. तो तळ्याच्या पाण्याकडे बघत होता. मग सिंह म्हणाला, "तुला मी बघून यायला सांगितलं होतं. तू न बघताच हाकलून आलास. चालता हो." वरून कोतवालाने झडप घातली, आणि कोल्हा शेपूट घालून जो पळाला तो पुन्हा तळ्याकडे फिरकला नाही. पूर्वेकडचा भाग अजून ओसाडच आहे. आणि शिंदीवर त्या वर्षी एका घरट्यात चिखल सगळ्यांत जाड थापलेला होता. ते म्होरक्याने विणलं होतं. मादीने ते नऊ वेळा ओढून बघितलं, आणि ती आत गेली. पण ती गेलेली अंडी काही परत आली नाहीत.

तात्पर्य : एकाच धंद्यातले पुष्कळजण एका जागी कोंबले म्हणून त्या मुलखाची भरभराट होत नाही, धंदा उभा असतो तो शेजाऱ्यांच्या आधाराने, आणि त्यांतले कित्येक काडीही विणत नसतात. कोणाच्या असण्याने आपलं काय टिकून आहे हे कळत नसेल, तर निदान त्याला हाकलू तरी नका.