न झालेला आजार

"जो आजार कधी झालाच नाही, तो पुढच्या दरबारात माझ्यापुढे हजर करा. नाहीतर वैद्यकी बंद," सारंगगडचे राजे हैबतराव त्र्यंबकभट वैद्यांना म्हणाले.

ही अक्कल राजांची नव्हती. राजे नुसते हट्टी होते, आणि हट्टी माणसाला अक्कल पुरवणारा नेहमी शेजारीच बसलेला असतो. इथे तो मान जिवाजीपंतांचा होता. पंत आरोग्यकोठीचे कारभारी. राज्यातलं प्रत्येक घर सुगीला या कोठीत धान्य घाली, आणि कुणावर जिवावरचं दुखणं आलं की त्याचा सारा खर्च कोठी करी. सोय मोठी चांगली होती. पंतांच्या हाती गेल्यावर तिला नियमांची बुरशी चढली. खोकला? किरकोळ. गळू? किरकोळ. ताप? अजून चढू द्या, मग या.

म्हणून कासारआळीने त्र्यंबकभटांशी वेगळं ठरवलं. दर महिन्याला घरटी पायलीभर ज्वारी द्यायची. मग केव्हाही या, कितीदाही या, वैद्य नाडी बघणार, औषध देणार आणि वर काही मागणार नाहीत. कुणी चांगलं धडधाकट असलं तरी ते जाता जाता विचारपूस करून जात. हे पंतांना खुपलं. ते राजांच्या कानाशी लागले, "महाराज, लोक एकाच कामासाठी दोनदा धान्य देतात. वैद्य त्यांना लुबाडतोय." त्र्यंबकभट बोलण्यात कच्चे. ते दरबारात एवढंच म्हणाले, "माझ्यामुळे पुष्कळ आजार होतच नाहीत." त्यावरच पंतांच्या सांगण्यावरून राजांनी तो हुकूम सोडला होता.

आळीत सगळ्यात जास्त हादरली ती येसू कासारीण. तिच्या मुलीला दमा होता. छाती भरू लागली की वैद्य येत, काढा देत, आणि पोर दुसऱ्या दिवशी अंगणात खेळे. वैद्यकी बंद झाली तर कोठी होतीच म्हणा. पण पोर निळी पडल्याशिवाय कोठीचं दार उघडणार नव्हतं. येसूला जेवण जाईना. तरी टोपली डोक्यावर घेऊन ती रोज निघे, कारण बांगड्या भरल्याशिवाय चूल पेटत नव्हती.

अशीच एकदा ती पंतांच्या घरी गेली. हातात बांगडी सरकवताना तिने पंतांच्या बायकोला सहज विचारलं, "आज पंतांचा आवाज नाही तो?"

"दाढ," बाई म्हणाल्या. "आठवडाभर गुरासारखे हंबरत होते. शेवटी आपल्याच कोठीत गेले. कारकुनाने हात जोडून त्यांना त्यांचाच नियम ऐकवला. दाढ किरकोळात मोडते. जबडा सुजून तोंड उघडेनासं झालं, की मग यावं."

"मग?"

"मग काय, पायलीभर ज्वारी मी पाठवली आणि हे शाल पांघरून मागच्या दाराने वैद्यांकडे. वैद्यांनी दाढ काढली. म्हणाले, आणखी थांबता तर पू जबड्यात उतरला असता."

येसूने बांगडी मनगटावर चढवली. "बाईसाहेब, हे मी दरबारात सांगितलं तर?"

"खुशाल सांग. ते हंबरणं मला पुन्हा ऐकायचं नाही."

दरबार भरला. राजांनी विचारलं, "वैद्य, कुठे आहे आजार?" त्र्यंबकभटांच्या मागून येसू पुढे आली.

"आजार आणलाय, महाराज. आपल्या उजव्या हाताला बसलाय."

उजव्या हाताला पंत होते.

"पंत, जरा तोंड उघडा," येसू म्हणाली. पंतांनी ते अधिकच घट्ट मिटलं. "उघडा," राजे म्हणाले, तेव्हा उघडावं लागलं.

"ती मोकळी जागा बघा, महाराज. तिथून जबड्याचा आजार व्हायचा होता. तो झाला नाही."

"दाढ कुणी काढली?" राजांनी विचारलं.

"वै... वैद्यांनी," पंत पुटपुटले.

"दाराशी कोठी असताना?"

"ते कोठीच्या नियमात बसत नव्हतं, महाराज."

दरबारात खसखस पिकली. पण राजे हट्टी ते हट्टीच. "असं असेल तर कोठीच मोडून टाकतो. वैद्य पुरे."

"तसं करू नका," येसू म्हणाली. "माझा नवरा घाटात गाडीखाली सापडला, मांडीचे तुकडे झाले. वैद्यांनी पाहिलं आणि स्वतःच म्हणाले, हे माझ्या हातचं नाही, शल्यवैद्य बोलवा. तो खर्च कोठीने केला. पायलीभर ज्वारीत मांडी जुळत नाही, महाराज."

"म्हणजे दोन्हीकडे धान्य द्यायचं? मग पंतांचं काय चुकलं?"

"महाराज, आपल्या वाड्यात आचारी आहे आणि दुष्काळासाठी धान्याचं पेवही आहे. आचारी आहे म्हणून आपण पेव बुजवत नाही, आणि भूक लागली म्हणून रोज पेव उकरत नाही. पंत मात्र भुकेल्याला सांगतात, दुष्काळ पडू दे, मग ये!"

राजे इतके हसले की मंदिल कपाळावर घसरला. हसू ओसरल्यावर त्यांनी हुकूम दिला, "वैद्यकी चालू राहील. आणि वैद्याकडे ज्वारी घालणाऱ्या घराने कोठीत निम्मंच धान्य घालावं. त्यांची दुखणी वाढण्याआधीच मिटतात."

पंत कळवळले. "पण महाराज, अशाने सगळेच वैद्याकडे जातील. मोठे आजार कमी होतील, कोठीतलं धान्य पडून राहील. त्याचं करायचं काय?"

राजे पुन्हा हसले, या खेपेला पहिल्यापेक्षा मोठ्याने. "त्या धान्यावर डोंगरापलीकडच्या गावांसाठी दुसरा वैद्य ठेवा. आणि पंत, तो शोधायला तुम्ही जायचं. पायी."

येसूला लुगडं-चोळी मिळाली आणि राणीवशात बांगड्या भरण्याचा मान मिळाला. पंत दुसऱ्या दिवशी उन्हातून डोंगराच्या वाटेला लागले.