भैरू आचाऱ्याचा वाडगा

“मग ह्यात चुकलं काय, तेवढं सांगा.”

भैरू खराड्यानं वाडगा दर्ग्यातल्या फकिराच्या, लतीफबाबांच्या पुढ्यात दगडावर ठेवला. टेकडी चढून धाप लागली होती, तरी आवाजात विनंती नव्हती, जाब होता.

बाबांनी वरचं फडकं उचललं. खाली लोण्यात घोटलेला बटाटा, वर हाडावरून सुटलेली कोंबडी आणि तिचाच आटवलेला रस्सा. वाफ अजून निघत होती. पिराच्या टेकडीवर असा वास वर्षातून एकदाच यायचा, उरुसाला.

“चुकलं असं कोण म्हणतं?”

“माझी बायको. म्हंजे... ती म्हणत न्हाई. तिला बोलताच येत न्हाई. तोंड मिटून घेते.”



हा भैरू म्हणजे ऐरागैरा आचारी नव्हे. पंचक्रोशीत लग्न असो की जत्रा, चुलाणावर भैरूच. दोन हजार माणूस जेवून उठेपर्यंत हा खाली टेकायचा नाही. मीठ चाखून बघणाऱ्याला तो आचारीच मानायचा नाही. नैवेद्याआधी तोंडाला लावू नये हे एक, आणि वासावरून ज्याला मीठ कळत नाही त्यानं पळी खाली ठेवावी हे दुसरं. गर्व म्हणाल तर होता, पण हाताला चव असलेल्या माणसाचा गर्व लोक चालवून घेतात.

गेल्या महिन्यात हौसाबाईला, त्याच्या बायकोला, अर्धांगवायूचा झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. तीन आठवडे दवाखान्यात काढून ती घरी आली आणि भैरूची घरच्या चुलीशी पहिल्यांदाच गाठ पडली. चाळीस वर्षांच्या संसारात त्यानं त्या चुलीवर चहासुद्धा केलेला नव्हता.

डॉक्टरांनी बजावलं होतं. पातळ द्यायचं नाही, ठसका लागेल. चावावं लागेल असंही नको. मऊ, घट्ट आणि अंगात ताकद येईल असं द्या. सोमवारपर्यंत पोटात नीट गेलं नाही, तर नाकातून नळी घालावी लागेल.

आज गुरुवार होता.

भैरूनं कंबर कसली होती, त्यात कसूर नव्हती. पण अंदाज शंभराचा आणि खाणारं तोंड एक. पहिल्या दिवशी तीन किलो बटाटे उकडून बसला. मिक्सरमध्ये फिरवले तर त्यांचा डिंक झाला, लग्नपत्रिका चिकटवाव्यात असा. दुसऱ्या दिवशी वाटीच्या बुडानं रगडले, गरम दूध घातलं, लोणी घातलं. कोंबडी मंद आचेवर इतकी शिजवली की हाड आपणहून बाजूला झालं. मग एकेक धागा बोटानं चाचपला, बारीक हाड राहू नये म्हणून.

हौसाबाईनं दोन चमचे घेतले. भैरूकडं बघितलं. आणि ओठ मिटले.

तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशीही.

“लसूण कमी केला, मिरं वाढवलं, तूप बदललं,” भैरू सांगत होता. “मी हार मानणारा न्हाई बाबा. पण आता सुचंना झालंय. तुमी सांगा, काय टाकू?”

बाबांनी वाडगा नाकाशी नेला. डोळे मिटून वास घेतला.

“हे उष्टं आहे?”

भैरूच्या अंगावर काटाच आला. “तुमच्यापुढं उष्टं आणीन व्हय? पहिलं काढलेलं हाय. चमचासुदिक लागला न्हाई.”

“मग घेऊन जा.” बाबांनी फडकं परत टाकलं. “उद्या उष्टं आण. मग सांगतो.”

भैरू टेकडी उतरला तो पाय आपटत. आयुष्यभर देवाला, पाहुण्याला, फकिराला पहिलं काढून देणारा माणूस. त्याच्याकडं कुणी उष्टं मागितलं नव्हतं. म्हातारचळ लागलाय, असं तो मनात म्हणाला. पण हौसाबाईच्या गालांची हाडं दिसायला लागली होती आणि दिवस तीनच उरले होते.

शुक्रवारी तो पुन्हा टेकडीवर.

“हे घ्या उष्टं. दोन चमचे तिनं घेतलेत. मग मिटलं तोंड.”

बाबांनी वाडग्याकडं बघितलंही नाही.

“हे हौसाचं उष्टं. मी हे मागितलं नव्हतं.”

“मग कुणाचं?”

“दवाखान्यात खायची ती?” बाबांनी उलट विचारलं.

“खायची की! नर्सबाई भरवायच्या, वाटी साफ करायची. म्हणून तर माझं डोकं फिरतंय. त्या फिक्क्या, घट्ट खिरीला तोंड उघडायची, आन माझ्या हाताला...”

भैरूचा आवाज चिरकला. राग होता म्हणावं तर राग नव्हता. तीन आठवड्यांच्या परक्या बाईनं भरवलेलं चालतं आणि आपलं चालत नाही, हे त्याच्या काळजाला लागलं होतं.

“तेव्हा तू कुठं असायचास?”

“दारात. बाईंचा नियम, आधी मला डबा खायला लावायच्या. मग आत जाऊन तिला म्हणायच्या, आजी, मालक जेवले बरं का, आता तुमचा नंबर.”

“आणि घरी?”

“घरी काय?”

“तू कधी जेवतोस?”

भैरू हसलाच. “बाबा, शेवटची पंगत उठल्याबिगर आचारी जेवत असतोय का? वडलांची शिकवण हाय. ती जेवली की मी जेवीन.”

“हौसा दर गुरुवारी इथं यायची,” बाबा म्हणाले. “भाकरी ठेवायची. मी म्हणायचो, पोरी, ऊन डोक्यावर आलंय, बस, दोन घास खा. बसायची नाही.”

“का?”

बाबांनी वाडग्यातला चमचा बटाट्यानं भरला, वर थोडी कोंबडी घेतली आणि भैरूच्या तोंडासमोर धरला.

भैरूनं ओठ मिटून मान वळवली.

बाबांनी चमचा तसाच धरून ठेवला.

“नको बाबा.”

“का?”

“ती घरात उपाशी हाय. माझ्या घशाखाली कसा उतरंल?”

“हं,” बाबा म्हणाले.

वाऱ्यानं दर्ग्यावरचं हिरवं निशाण फडफडलं. भैरू चमच्याकडं बघत राहिला. मग स्वतःच्या मिटलेल्या तोंडाला त्यानं हात लावून बघितला, जणू ते दुसऱ्याच कुणाचं होतं...

वाडगा उचलून तो निघाला. यावेळी पाय आपटत नव्हता. साठीचा माणूस उतारावरून पळत होता, आणि खालचे गुराखी बघत राहिले.

घरी हौसाबाईजवळ शेजारीण बसली होती. तिला त्यानं वाटेला लावलं. बटाटा पुन्हा घोटला, रस्सा गरम केला. हौसाबाईला पाठीशी उशा लावून बसती केली. आणि आजवर तिला उभ्यानंच भरवत आलेला भैरू, पंगतीत वाढप्यानं पुढं सरकावं तसा घाईत असणारा भैरू, खाटेला लागून खाली बसला.

पहिला चमचा त्यानं स्वतःच्या तोंडात घातला.

खारट! चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यानं स्वतःचं रांधलेलं वाढायच्या आधी चाखलं, आणि ते खारट निघालं. मोठ्या हंड्यात धोका न देणारं नाक एवढ्याशा वाडग्यात फसलं होतं. त्याचं त्यालाच हसू आलं. उठून त्यानं आणखी एक बटाटा रगडून मिसळला आणि परत येऊन बसला.

दुसरा चमचाही त्यानंच खाल्ला.

हौसाबाई बघत होती. त्याच्या हाताकडं नाही, गळ्याकडं. घास खाली उतरला तसे तिचे ओठ हलले.

तिसऱ्या चमच्याला तिनं तोंड उघडलं.

मग चौथा त्यानं पुढं केला, तर तिनं चांगला असलेला डावा हात उचलला. चमच्याला लावला आणि तो चमचा त्याच्याच तोंडाकडं वळवला. त्यानं खाल्ला. मग तिनं खाल्ला. झटक्यानं तिची वाचा नेली, चालणं नेलं, नावंसुद्धा नेली, पण नवरा जेवल्याशिवाय न जेवायची ही एक सवय त्याला नेता आली नव्हती. भैरू हमसून हमसून रडला, आणि रडता रडता जेवला, कारण तो थांबला असता तर तीही थांबली असती.

शनिवारी अर्धा वाडगा गेला. रविवारी पूर्ण.

सोमवारी सकाळी डॉक्टरांनी तपासलं आणि नळीचं नाव काढलं नाही. दुपारच्याला भैरू टेकडीवर हजर झाला, रिकामा वाडगा घेऊन.

“बाबा, तुमी उष्टं आणायला सांगितलं हुतं. पण उरलंच न्हाई. दोघांनी पुसून खाल्लं.”

बाबांनी वाडगा उलटा केला, सुलटा केला, आत डोकावून बघितलं.

“मीठ?”

भैरूनं मान खाली घातली. “आता चाखून घालतो.”

बाबा मिशीत हसले.

भैरूला हुरूप आला. बाबांच्या पायाशी त्यानं ऐसपैस मांडी घातली, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. जिंकून आलेला माणूस बसतो तसा बसला.

“बाबा, माझं आयुष्य चुलाणापुढं गेलं. शहाणपणाचं काय कानावर पडलं न्हाई. आज तुमच्यापाशी बसतो. मला चेला करून घ्या. चार गोष्टी सांगा.”

बाबांनी दर्ग्याच्या कट्ट्याकडं बघितलं. सावली पायरीच्या आत सरकली होती. ऊन डोक्यावर आलं होतं.

“आज काय रांधलंस?”

“त्येच. बटाटा घोटून ठेवलाय, रस्सा आटवलाय. झाकून आलोय, गरम हाय अजून.”

बाबांनी रिकामा वाडगा त्याच्या हातात दिला, टोपी उचलून त्याच्या डोक्यावर ठेवली.

“ऊठ,” ते म्हणाले. “ती जेवायची थांबली असेल.”