निनेत्ताची लिंबोणी

इटलीत निळ्याशार तळ्याच्या काठी लिमोरा नावाचं इवलंसं गाव होतं. पुढे पाणी, मागे उंच कडा आणि मधे चिमुकली गुलाबी-पिवळी घरं. तिथे मुळात मातीच नव्हती! गावाच्या खापरपणज्यांनी पलीकडच्या काठावरून होड्या भरभरून माती आणली, पाठीवरच्या टोपल्यांतून वर चढवली आणि खडकावर लिंबोणीच्या बागा फुलवल्या. केवढी ही जिद्द!

या गावात निनेत्ता आणि तिची आई राहायच्या. बाबा तळ्यात बुडून गेले होते. त्यांनी लावलेली एकच लिंबोणी मागे उरली होती, आणि तिच्या लिंबांवर दोघींचं पोट. झाड थंडीने मेलं, तर दोघींना गाव सोडावं लागणार होतं.

हिवाळ्यात प्रत्येक जण झाडाखाली पाण्याचं वाडगं ठेवी. पाण्यावर बर्फाची साय धरली, की लगेच शेकोटी पेटवायची. एका संध्याकाळी निनेत्ता वाडगं बघायला गेली, तर काय! सायीत एक बोटभर परी अडकलेली, सोनेरी पंख थरथरताहेत.

"अगं बाई! हलू नकोस हं," निनेत्ता म्हणाली. तिने हलकेच बर्फ फोडला. झाडासाठी जपलेली लाकडांची एकच मोळी होती. तीच पेटवून तिने परीला शेक दिला.

परीचे गाल गुलाबी झाले. "आता माग काहीतरी, सोनुले. पण एकदाच, आणि सूर्य डोंगराआड जायच्या आत. स्वतःसाठी मागितलंस, तर तुझं झाड वाचेल. गावासाठी मागितलंस, तर तुझं सोडून सगळ्यांची."

"माझं का सोडून?"

"नियम मी नाही गं केले," परी कसनुशी हसली.

निनेत्ताने खाली पाहिलं. बागाबागांतून बर्फ चकाकत होता. यंदाची थंडी अशी, की कुणाचीच लाकडं पहाटेपर्यंत पुरणार नव्हती. तिला रडूच कोसळलं.

"एवढी माती वाहून आणलीये सगळ्यांच्या खापरपणज्यांनी," ती हुंदके देत म्हणाली. "गावाच्या बागा वाचव."

परीने टाळी वाजवली. गावभर उबदार सोनेरी वारा सुटला. सगळ्या वाडग्यांतला बर्फ वितळला, निनेत्ताचं वाडगं तेवढं पुन्हा गोठलं.

इतक्यात शेजारचे तोनियो आजोबा धापा टाकत आले. काखेत लाकडं! आपली बाग वाचली, की उरलेलं लाकूड शेजाऱ्याला द्यायचं, ही लिमोराची जुनी रीत.

"पोरी, तुझी शेकोटी विझली की काय? सरक बघू!" त्यांच्यामागून अख्खी आळी आली, हातात लाकडं घेऊन. लिंबोणीभोवती शेकोट्या धडाडून पेटल्या.

"हे चालतं का गं नियमात?" निनेत्ताने घाबरत विचारलं.

"नियम माझ्या जादूला आहेत, बाळ. शेजाऱ्यांना कुठले नियम?" परी खुदकन हसली आणि ज्वाळांवर एक गिरकी घेऊन लख्ख उजेडात विरून गेली.

वसंतात निनेत्ताची लिंबोणी लिंबांनी वाकली. पहिली लिंबं तिने घरोघर वाटली. तरी झाड आपलं पिवळंधमक! मायलेकी लिमोरातच राहिल्या.