राजाची रिकामी पिशवी

खूप पूर्वीची गोष्ट. इतकी पूर्वीची, की तेव्हा राजे जमिनीवर बसून लोकांचं ऐकून घ्यायचे. आता हे खरं कशावरून, असं कुणी विचारलं तर विचारू द्या. गोष्ट पुढे ऐका.

पूर्व आफ्रिकेत, डोंगर उतरून आलं की समुद्राएवढं सरोवर लागतं. त्याच्या काठी एक राज्य होतं. केळीच्या बागा, लांब शिंगांच्या गाई, नाचणीची शेतं. समोर पाण्यात एक बेट होतं, तेही याच राज्याचं.

त्या राज्याची एक रीत होती. नाचणी पेरायच्या आधी सगळे लोक मैदानात जमायचे. राजा आसनावरून उतरून खाली बसायचा आणि त्याची थोरली बहीण उभी राहायची. वर्षभरात राजाचं काय काय चुकलं ते ती मोठ्यांदा सांगायची. एका चुकीला एक खडा. तो राजाच्या गळ्यातल्या कातडी पिशवीत पडायचा आणि चूक निस्तरेपर्यंत तिथेच राहायचा. राजा जेवतोय, पिशवी गळ्यात. पाहुण्यांशी बोलतोय, पिशवी गळ्यात. कुणीही यावं, पिशवीकडे बघावं आणि राज्यात अजून काय बिघडलेलं आहे ते ओळखावं. खडा टाकायचा हक्क मात्र फक्त बहिणीचा.

या बहिणीला सगळं राज्य अक्का म्हणायचं. चाळिशी ओलांडलेली, अंगाने सुटलेली, बोलायला गोड. बसल्या जागेवरून उठताना गुडघे वाजले की म्हणायची, "ऐका, माझ्याआधी माझी हाडंच बोलायला लागली."

आई गेली तेव्हा राजा रांगत होता. अक्कानेच त्याला कडेवर घेऊन वाढवलं. त्याचं काय चुकतं हे तिच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं, आणि ते सांगताना तिच्याइतका त्रासही कुणाला होत नव्हता.

एका वर्षी पिशवीत सात खडे पडले. दोन दिवसांनी राजा अक्काच्या अंगणात येऊन बसला. तिने पुढे ठेवलेली उकडलेली केळी त्याने नुसती चिवडली.

"अक्का, एक बोलू?"

"बोल की. राजाला कोण अडवतंय."

"माझी लेक मला विचारते, बाबा, तुम्ही चालताना का वाजता?"

अक्काला हसू आलं. त्याला आलं नाही.

"तू मला घरी सांगत जा ना," तो म्हणाला. "कान धर, हवं तर दोन धपाटे घाल. पण चारचौघांत कशाला? मी काय परका आहे?"

अक्काने त्याच्याकडे पाहिलं. समोर राजा नव्हताच. गुडघे खरचटलेलं तेच रांगतं पोर होतं.

"बरं," ती म्हणाली.

खरं सांगायचं तर सुरुवातीला बरं चाललं. राजाच्या गुराख्यांनी कुणाच्या बागेतले केळीचे घड तोडले, अक्काने घरी येऊन दटावलं, राजाने दुसऱ्याच दिवशी बदल्यात घड पोचवले. गाजावाजा नाही, खडा नाही. अक्का स्वतःवर भलतीच खूश झाली. इतकी वर्षं हे आपल्या टाळक्यात कसं आलं नाही, असं तिला वाटलं.

मैदानात मात्र काहीतरी बोलायला हवंच. मग ती बोलायची, "राजा उशिरा उठतो." खडा. "राजा गोठ्यात गातो, त्यामुळे गाई दूध चोरतात." खडा. लोक पोट धरून हसायचे, म्हणायचे, अक्का अलीकडे काय छान बोलते. हे खडे निस्तरायलाही सोपे होते. राजा चार दिवस लवकर उठला, आठवडाभर गप्प बसला, पिशवी मोकळी.

अशी बरीच वर्षं गेली. मग एके दिवशी मगेसा तिच्या दारात आला. हा मगेसा म्हणजे बेटावरचा म्हातारा नावाडी. बेटावरच्या लोकांना बाजाराला, वैद्याकडे, माहेरी, कुठेही जायचं तर राज्याची एकच मोठी नाव होती. ती तो चालवायचा.

"अक्का, नावेचा तळ कुजलाय," तो म्हणाला. "पूर्वी आत शिरलेलं पाणी एक माणूस भांड्याने उपसायचा, आता दोघं लागतात. मोठं झाड पाडून नव्या फळ्या घालायला हव्यात. झाड तोडायची परवानगी राजाची."

"मी सांगते त्याला. तू निश्चिंत राहा."

तिने त्याच दिवशी सांगितलं. राजाने ऐकून घेतलं आणि चांगलं जुनं झाड हेरून पाडायलाही लावलं. अक्काने समाधानाने हात झटकले.

पुढच्या वर्षी मगेसा पुन्हा आला. "आता तिघं उपसतो, अक्का. ते झाड कुठे गेलं?"

झाड राजाच्या नव्या दरबाराचे खांब होऊन उभं होतं. अक्काने राजाला विचारलं तेव्हा तो ओशाळला. "दरबार एकदा पुरा होऊ दे. पुढचं झाड नावेला. तुझी शपथ."

त्या वर्षी मैदानात अक्का म्हणाली की राजाचं पोट सुटत चाललंय, आणि हे मी म्हणतेय म्हणजे बघा. लोक हसून हसून रडले.

तिसऱ्या वर्षी मगेसा दारात आला, पण बसला नाही.

"चौघं उपसतो," तो म्हणाला. "या वेळी खडा टाका. एकच टाका, पण नावेचा टाका. लोकांच्या कानावर जाऊ दे."

"अरे, मग तू नाव बंद ठेव ना थोडे दिवस."

"बंद ठेवली तर बाळंतीण अडली की तिला काय पोहत आणू?"

 "टाकते," अक्का म्हणाली. "या वेळी नक्की टाकते."

आणि तिने खडा निवडलाही. चांगला, काळा, मुठीत मावेलसा.

पण मैदानाच्या दिवशी सकाळीच राजा धावत आला. डोंगरापलीकडच्या राजाकडची माणसं आली होती, आपल्या राजाच्या लेकीला मागणी घालायला. ही तीच लेक, बाबा का वाजता म्हणून विचारणारी. आता तिचं लग्नाचं वय झालं होतं. तिला अंगाखांद्यावर खेळवलेलं अक्कानेच.

"आजचा दिवस सांभाळून घे," राजा म्हणाला. "पाहुण्यांसमोर नको. उद्या सकाळी मी स्वतः कुऱ्हाड घेऊन जातो. उद्या."

अक्का उभी राहिली. समोर अख्खं राज्य. पहिल्या रांगेत पाहुणे, त्यांच्याशेजारी मान खाली घालून बसलेली भाची. पार मागे, केळीच्या झाडाला टेकून मगेसा.

"या वर्षी," अक्का म्हणाली, "मला सांगण्यासारखं काही सापडलं नाही. डोळे तपासून घ्यायला हवेत माझे."

लोक हसले, मग टाळ्या वाजवू लागले. राजा मैदानातून रिकाम्या पिशवीने उठलेला कुणी जन्मात पाहिला नव्हता. म्हातारी माणसंसुद्धा नाचली. मगेसा नाचला नाही. तो वळून काठाकडे निघून गेला.

मैदान उठलं की पेरणी सुरू. बेटावरच्या लोकांना बियाणं घेऊन घरी पोचायची घाई होती. एरवी त्यातले कितीतरी जण नावेचा तळ बघून मागे राहायचे, कुणाची छोटी होडी मिळाली तर तिच्यातून जायचे. आज एक बाई शेजारणीला म्हणाली, "चल गं बसू, काय होतंय. पिशवी रिकामी आहे, म्हणजे नाव नीट केलीच असणार." मगेसा नको नको म्हणत होता. पण ज्या दिवशी राजाचंच काही चुकलेलं नाही, त्या दिवशी नावाड्याचं कोण ऐकतो?

वारा नव्हता, लाट नव्हती. लख्ख उन्हात, भर पाण्यात नावेचा तळ सुटला. बेचाळीस माणसं गेली. मगेसा गेला. पाण्यावर बियाण्याच्या टोपल्या तेवढ्या तरंगत राहिल्या.

तीन दिवसांनी लोक पुन्हा मैदानात जमले. हसत कुणीच नव्हतं. राजाचा कारभारी उभा राहिला आणि म्हणाला, "फार वाईट झालं. पण राजाच्या गळ्यात या नावेचा खडा कधीच नव्हता. नाव कुजली होती, तर नावाड्याने सांगायला हवं होतं. वर माणसंही जास्त भरली त्याने."

लोकांत कुजबुज झाली. काही माना हलल्या. मेलेल्या माणसावर राग काढणं सोपं असतं.

राजाने अक्काकडे पाहिलं.  ती गप्प राहिली असती तर सगळं तिथेच मिटलं असतं. भाऊ आसनावर राहिला असता, भाचीचं लग्न झालं असतं, आणि मगेसा कायमचा दोषी ठरला असता.

अक्का उठली. गुडघे वाजले. त्यावर तिने काही विनोद केला नाही.

"नावाड्याने सांगितलं होतं," ती म्हणाली. "मला सांगितलं होतं. तीन वर्षं. मी राजाला घरात बसून सांगितलं आणि इथे येऊन तुम्हाला हसवलं."



मगेसाची बायको नेकेसा पुढे आली. तिने शिवी दिली नाही, दगड उचलला नाही. अगदी साध्या आवाजात म्हणाली, "तुमच्याकडून आले ना, की मला म्हणायचे, अक्कांना सांगितलंय, आता काळजी नाही. म्हणून मी लेकीला बसू दिलं त्या नावेत."

राजा रडत होता. "अक्का," तो हळूच म्हणाला, "तू खडा टाकला असतास तर मी त्याच दिवशी झाड पाडलं असतं गं. घरात सांगितलेलं मला घरातलंच वाटायचं."

ते खरंच होतं, आणि म्हणूनच अक्काला ते सहन झालं नाही.

लोकांनी राजाला आसनावरून उतरवलं. खडा टाकायचा हक्क राजाच्या नात्यातल्या कुणाला पुन्हा मिळाला नाही. दरबाराचे खांब काढून त्यांची नवी नाव केली. चांगली भक्कम झाली. पण बेटावरचं कुणी तिच्यात बसायला आलं नाही. त्यांनी स्वतःच्या होड्या बांधल्या आणि बाजारासाठी ते दुसऱ्याच काठाला जाऊ लागले. अक्का पुढे पुष्कळ वर्षं जगली. नवी नाव मात्र काठाला बांधलेली तशीच राहिली.

म्हणून, मुलांनो आणि मोठ्यांनो, राज्य करणाऱ्याची चूक त्याच्या कानात सांगितली तर त्याची लाज तेवढी वाचते, लोकांचे जीव वाचायला ती लोकांसमोरच सांगावी लागते.