लघु मुद्दा

मंगळवार, सकाळी अकरा. हार्डवेअरच्या दुकानावरचं पक्ष कार्यालय. नगरपालिका निवडणुकीचा मुद्दा ठरवायची बैठक.

पक्ष इतका छोटा की सगळे उपाध्यक्ष एकाच सतरंजीवर मावले. अध्यक्ष ढमढेरेसाहेबांना साध्या शब्दांचं वावडं होतं. कुणी चौकाचं नामांतर सुचवलं, कुणी स्वागतकमान. साहेबांनी दोन्हींना 'महामुद्दा' ठरवलं.

महिला आघाडीच्या अनसाबाई पहाटे पाचपासून मंडईत भाजी विकत. त्या म्हणाल्या, "साहेब, मंडईत बायकांना मुतारी नाही. दुपारपर्यंत आम्ही पाण्याचा घोट घेत नाही. दोघींना मूतखडा झालाय."

"अनसाबाई, हा लघु मुद्दा आहे. निवडणुकीनंतर बघू," असं म्हणून साहेब अस्मितेवर तासभर बोलले. अनसाबाईंनी मान डोलावत त्यांना तीनदा चहा दिला, वर पाण्याचा तांब्या.

साडेबाराला साहेब घाईने उठले. संडासाला कुलूप होतं आणि किल्ली अनसाबाईंच्या कनवटीला.

"बाई, किल्ली द्या."

"कशाला, साहेब?"

साहेब चुळबुळले. "आहे जरा... लघु..."

"लघु ना? मग निवडणुकीनंतर बघू की."

मुतारीचा ठराव उभ्याउभ्याच मंजूर झाला. आधी साहेबांची सही, मग किल्ली.

दुसऱ्या दिवशी निवेदन घेऊन दोघं नगरपालिकेत गेले. तिथल्या नोंदीप्रमाणे मंडईत बायकांची मुतारी सहा वर्षांपूर्वीच बांधून झाली आहे, तिचं उद्घाटनही झालं आहे. ती नेमकी कुठे आहे, हे अजून कुणीही दाखवलेलं नाही.