मोराचा पंथ आणि टिटवीची अंडी

माणसं कोर्टकचेऱ्या शिकण्याच्या खूप आधी जंगलात खटले चालत. त्या काळी एका मोराचा नाच बघायला सारं रान जमायचं. पुढे त्यानं वटवाघळांच्या उलट्या पंथाची दीक्षा घेतली आणि तो रोज फांदीला उलटा लटकू लागला. "ती वटवाघळं रक्त पितात म्हणे," अशी कुजबुज सुरू झाली.

एका सकाळी मोरानं नदीकाठच्या टिटवीची अंडी फोडून खाल्ली. टिटवीनं ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. रडत रडत ती गवारेड्याकडे न्याय मागायला गेली.

खटल्याला अख्खं रान लोटलं. टिटवीचा वकील मुंगूस मोरावर गरजला, "तू उलटा लटकतोस की नाही?"

"लटकतो."

"लटकताना मंत्र म्हणतोस?"

"म्हणतो. पण मनातल्या मनात."

"शी शी!" माकडं ओरडली.

"अहो, त्याच्या चोचीला बलक लागला होता!" टिटवी कळवळून म्हणाली.

"बाई, जरा थांबा," मुंगूस म्हणाला, "मुद्द्याचं चाललंय."

दिवसभर साक्षी झाल्या त्या फक्त वटवाघळांविषयी. शेवटी गवारेड्यानं निकाल दिला, "आरोपीनं पंथ सोडावा."

"सोडला," मोर म्हणाला. "तसंही डोकं गरगरायचं." त्यानं पिसारा फुलवला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

टिटवी एकटीच पुढे आली. "महाराज, माझी अंडी?"

नाचाला मान डोलावणारा गवारेडा थांबला.

"कसली अंडी?" त्यानं विचारलं.